इलाज काट्याचा की इंजिनाचा?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुठल्या माणसाशी नाही, एका सल्ल्याशी आहे. सल्ला अवघ्या चार शब्दांचा: "जाड ऑइल टाका, झालं!"

ज्यांच्या घरात, नात्यात किंवा ओळखीत कुणाचं जुनं मशीन आहे (डोझर, पोकलेन, ग्रेडर, क्रेन, काहीही), त्यांनी हा सल्ला नक्की ऐकलेला असणार. मशीन तासभर चालतं, इंजिन तापतं आणि ऑइल प्रेशरचा काटा हळूहळू खाली बसायला लागतो. आयडलवर सोडलं की लाल दिवा लुकलुकतो. मग साइटवरची चार डोकी गोळा होतात आणि त्यातलं एक कुणीतरी, हात पुसत पुसत, हे चार शब्द उच्चारतं. ऑइल बदललं जातं. काटा वर येतो. सगळे खूश, चहा मागवला जातो. आणि इंजिन बिचारं काहीतरी सांगत होतं, ते राहूनच जातं.

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, तू हिंजवडीत एसीत बसून कोड लिहिणारा माणूस, तुला डोझरच्या ऑइलशी काय देणंघेणं? तर देणंघेणं दोन प्रकारचं आहे. एक म्हणजे माझे मामा सातारा जिल्ह्यात मशीन भाड्याने देतात आणि त्यांच्याकडे एक म्हातारा डोझर आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच. दुसरं म्हणजे हा रोग एकट्या इंजिनाचा नाही, आपल्या ऑफिसातही तो रोज सकाळी भेटतो. पण आधी इंजिनाचं बघू. तिथे चुकलं तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. आपल्याकडे फार तर एक खरमरीत मेल येते. :)

आधी एक मूलभूत गोष्ट. ऑइल पंप प्रेशर तयार करतो असा सार्वत्रिक समज आहे. तसं नसतं. पंप फक्त ऑइल ढकलतो. गिअरचा पंप, प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप पुढे सरकवणार, बस. त्या ऑइलची वाटेत जेवढी अडवणूक होईल तेवढं प्रेशर. आपल्या सोसायटीतलं उदाहरण घ्या. बूस्टर पंप तोच, पाइप तोच, पण सकाळी सात वाजता सगळ्या फ्लॅटचे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावरच्या शॉवरची धार बारीक होते. त्यात पंपाचा काय दोष?

इंजिनातले नळ म्हणजे बेरिंगं. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकची सात मेन बेरिंगं, सहा बिगएंडची, शिवाय कॅमचे बुश, वर रॉकर शाफ्ट, टर्बो असेल तर तोही. या प्रत्येक ठिकाणी शाफ्ट आणि बेरिंग यांच्यात एक फट ठेवलेली असते, ढोबळ मानाने शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणजे १०० मिमी जाडीच्या जर्नलला ०.१ मिमी, झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. या फटींमधूनच ऑइल झिरपत बाहेर पडतं. आता गंमत बघा. फट वाढली की गळती सरळ पटीत वाढत नाही, घनाच्या पटीत वाढते. फट दुप्पट, तर गळती आठपट! आणि ऑइल पातळ झालं तरी गळती वाढतेच. १५डब्ल्यू-४० ऑइलची व्हिस्कॉसिटी ४० अंश सेल्सियसला साधारण १०५ सेंटिस्टोक असते आणि १०० अंशाला १४-१५. म्हणजे तापल्यावर तेच ऑइल सातपट पातळ. म्हणून काटा दुपारी बसतो, सकाळी नाही.

थोडक्यात, काट्यावर तीन गोष्टी एकदम बसलेल्या असतात. पंपाकडून ऑइल किती येतंय, ते किती पातळ झालंय, आणि ते किती मोठ्या फटींतून निसटतंय. काटा एक, कारणं तीन. नुसत्या काट्याकडे बघून कारण सांगणारा माणूस आणि पत्रिका बघून ताप सांगणारा माणूस, दोघे मला सारखेच.

आता जाड ऑइलचा हिशेब करू. हिशेब म्हणजे अगदी आठवीतलं गणित. व्हिस्कॉसिटीच्या एसएई तक्त्यात ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. दोन्हींचे मधले आकडे घेतले तर ५० ग्रेड सुमारे एक तृतीयांशाने जाड. म्हणजे गरम इंजिनाच्या आयडलला ६ पीएसआय प्रेशर असेल, तर ५० ग्रेड टाकून ते ८ होईल. बास! एवढाच काय तो चमत्कार. आणि फटीच्या भाषेत बोलायचं तर, घनाचा नियम असल्यामुळे फट फक्त दहा टक्क्यांनी वाढली की ही सगळी कमाई खलास. ०.१० ची ०.११ मिमी झाली, संपलं. बेरिंग झिजतच असेल तर तुम्ही ऑइलच्या नव्या कॅनमध्ये फक्त काही दिवस विकत घेतलेत.

मग प्रत्यक्षात काटा इतका झोकात वर कसा येतो? कारण त्या दिवशी दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. जाड ऑइल टाकलं, हे खरं, पण त्याआधी जुनं ऑइल काढूनही टाकलं! त्या जुन्या ऑइलमध्ये डिझेल मिसळलं असेल, तर ते निघून गेल्यामुळे प्रेशर सुधारतं, आणि श्रेय मिळतं जाडपणाला. एकाच रिलीजमध्ये दोन बदल ढकलायचे आणि बग गेला की आपल्याला आवडणाऱ्या बदलाला हार घालायचा, तसलाच प्रकार.

अजून एक ऐका. काट्यावर जे प्रेशर दिसतं ते शाफ्टला उचलून धरतच नाही. बोशां टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८८३ मध्ये रेल्वेच्या धुऱ्याच्या बेरिंगवर प्रयोग केले. ऑइल देण्यासाठी त्याने बेरिंगला वरून भोक पाडलं, तर शाफ्ट फिरायला लागल्यावर त्या भोकातून ऑइलच वर यायला लागलं. बूच मारलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. म्हणजे फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलचा पडदा ओढून घेतो आणि त्या पडद्यात जबरदस्त दाब तयार करतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं आणि आजही बेरिंगं त्याच गणितावर बेतली जातात. पंपाचं काम त्या पडद्याला ऑइल पुरवत राहण्याचं. पुरवठा तुटला तर पडदा फाटतो आणि धातूवर धातू घासतो, म्हणून काट्याकडे लक्ष हवंच. पण काटा म्हणजे पुरवठ्याची बातमी, बेरिंगच्या तब्येतीचं सर्टिफिकेट नव्हे.

जाड ऑइलने पुरवठा सुधारतो का? उलट! सातारकडच्या डिसेंबरातल्या सकाळी ५० नंबरचं ऑइल काकवीसारखं होतं. ते फिल्टरच्या कागदातून लवकर जाईना, की फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेरिंगांकडे जातं. वर रॉकरपर्यंत ऑइल पोचायला उशीर होतो तो वेगळाच. आणि या सगळ्या वेळात काटा मात्र दिमाखात वर असतो! काटा सगळ्यात सुखी कधी दिसतो, तर ऑइल जागेवर सगळ्यात उशिरा पोचतं तेव्हा.

जाड ऑइलचा एक भाऊ आहे, तोही इथेच निकालात काढू. "रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाका." रिलीफ व्हॉल्व्हचं काम काय? प्रेशर ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की जादा ऑइल परत सोडायचं. आता गरम आयडलला प्रेशर आहे ६, आणि व्हॉल्व्ह उघडतो त्याच्या कितीतरी पट वर. म्हणजे त्या क्षणी तो व्हॉल्व्ह बंदच आहे. बंद दाराला आणखी एक कडी लावून आतला माणूस थांबणार आहे का? वॉशरने एवढंच होतं की सकाळी थंड इंजिनात प्रेशर नको तितकं चढतं आणि फिल्टरच्या सीलवर ताण येतो. दुखणं दुपारचं, औषध सकाळी.

आता मामांचा डोझर. त्याचं इंजिन कमिन्सचं ८५५. आकडा घन इंचांचा, आपल्या हिशेबात १४ लिटर, सहा सिलिंडर. पुणेकरांना हे इंजिन परकं नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या कोथरूडच्या कारखान्यात या घराण्याची इंजिनं वर्षानुवर्षं बनली. दणकट, आणि जागेवर दुरुस्त करता येण्यासारखं इंजिन.

हिवाळ्यात त्याचा काटा बसायला लागला. एका गॅरेजवाल्याने २०डब्ल्यू-५० टाकलं. काटा वर. दोन महिन्यांनी पुन्हा बसला, तर सरळ ५० नंबर टाकलं. पुन्हा वर. एप्रिलमध्ये पाझर तलावाच्या गाळाचं काम जोरात असताना लाल दिवा लागला तो विझेचना. आता या सगळ्यात डोझरचा ऑपरेटर, जो पंधरा वर्षं त्याच सीटवर बसतोय, त्याने जानेवारीतच सांगितलं होतं, "शेठ, डिपस्टिकवर ऑइल वाढतंय." सगळे हसले होते. ऑइल कमी होतं हे ऐकलंय, वाढतं कधी? वाढतंय तर चांगलंच की, टॉपअपचा खर्च वाचला! आणि दिवा लागल्यावर खापर कुणाच्या डोक्यावर? त्याच्याच. "गरम मशीन रेटून चालवलंस, इंजिन मारलंस." मामांनी त्याचा निम्मा पगार अडकवला. मामा वाईट माणूस नाही हो. पण दुसऱ्या मशीनचा हप्ता डोक्यावर, हातातलं काम थांबलेलं, आणि समोर कुणीतरी लागतंच.

मग दुसरं गॅरेज. हे जरा मोठं, बोर्ड-बिर्डवालं. त्यांनी गाडीतून न उतरता निदान केलं म्हटलं तरी चालेल. इंजिन उतरवा, क्रँक घासा, सगळी बेरिंगं, नवा पंप, लायनर-पिस्टनही करून घ्या. अंदाजपत्रक तीन लाखांच्या वर.

माझं भांडण यांच्याशीही तितकंच आहे, हे लक्षात घ्या. "जाड ऑइल टाका" आणि "इंजिन खोला" हे दोन विरोधी पक्ष वाटतात. एक गरिबांचा, एक पैसेवाल्यांचा. पण जाहीरनामा एकच: मोजायचं नाही. एक स्वस्तात न मोजता सांगतो, दुसरा महागात न मोजता सांगतो.

मामांचं नशीब असं, की पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागातून निवृत्त झालेले एक फोरमन गावात होते. ते आले एका पिशवीत साधं मेकॅनिकल गेज, नळी, थर्मामीटर आणि वही घेऊन. पहिला तासभर त्यांनी एकही नट सोडला नाही. डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर! बोटावर घेऊन वास घेतला, काही बोलले नाहीत. मग इंजिनाच्या ऑइल गॅलरीचा प्लग काढून तिथे स्वतःचं गेज लावलं. थंड इंजिनाचा आकडा लिहिला. इंजिन तापू दिलं. ऑइलचं तापमान लिहिलं, आयडलचा आकडा लिहिला, पूर्ण रेसचा लिहिला. गरम आयडलला ६, रेसला २२. केबिनमधला काटाही जवळपास तेच दाखवत होता, म्हणजे सेन्सर निर्दोष सुटला. तेव्हा ते म्हणाले, "पन्नास नंबरचं ऑइल, सकाळी थंडगार असताना, काटा ठोकायला पाहिजे होता. तो सकाळीही अर्ध्यावरच आहे. म्हणजे आत पन्नास नंबर राहिलेलंच नाही."

ड्रेन केल्यावर ऑइल पाण्यासारखं आलं. या इंजिनात इंजेक्टर रॉकर कव्हरखाली असतात आणि डिझेल हेडच्या आतल्या वाटांनी तिथे पोचतं. इंजेक्टरच्या ओ-रिंगा वयाने कडक झाल्या होत्या आणि डिझेल तिथून निसटून ऑइलमध्ये उतरत होतं. ऑपरेटर सांगत होता ते "वाढणारं ऑइल" हेच! फिल्टर कापून उघडला, कागदाच्या घड्यांमध्ये चकाकणारी बारीक भुकटी दिसली. म्हणून चेंबर उतरवून खालचे शेल बघितले. दोन मेन बेरिंगांचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलं होतं. क्रँक मात्र गुळगुळीत. ओ-रिंगा बदलल्या, शेल बदलले, फिल्टर नवा, आणि ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच. गरम आयडलला १८, रेसला ५०. खर्च अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्शातही आला नाही. ते दोन शेलसुद्धा वाचले असते, जर जानेवारीत कुणी डिपस्टिककडे बघितलं असतं. जाड ऑइलने बरं काहीच केलं नाही, फक्त दुखणं चार महिने झाकून ठेवलं.

ऑपरेटरचा पगार मामांनी परत दिला. "माझं चुकलं" म्हणायला मात्र दिवाळी उजाडावी लागली. :)

फोरमनसाहेबांनी जे केलं त्यात जादू काहीच नव्हती. होता तो फक्त क्रम. आधी फुकटचं बघायचं, मग स्वस्तातलं, मग महागातलं. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक आजाराची काट्यावर वेगळी सही असते, ती वाचायची. मला जेवढी समजली तेवढी मांडतो.

काटा अचानक पडला, थंड-गरमचा काही संबंध नाही, इंजिनाचा आवाज तोच, तर आधी सेन्सर, वायर आणि अर्थिंग. पण हे ठरवायचं मेकॅनिकल गेज लावूनच. "सेन्सर गेला असेल" म्हणून दिव्याची वायर काढून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांना साष्टांग नमस्कार. सकाळी प्रेशर उत्तम, तापल्यावर आयडलला पडतं, रेस दिली की बऱ्यापैकी चढतं, तर संशय झिजलेल्या बेरिंगांवर. थंड असतानाही कमी, गरम असतानाही कमी, आणि रेस देऊन फारसं चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकलाय किंवा स्प्रिंग तुटली आहे. बऱ्याच इंजिनांत हा व्हॉल्व्ह बाहेरून काढता येतो, त्यासाठी इंजिन उतरवायला सांगणाऱ्याला हात जोडा. काटा थरथरतोय, जास्त रेसला आणखी बिघडतोय, ऑइलला फेस येतोय, तर पंप हवा ओढतोय: सक्शन पाइपला चीर, तिथली ओ-रिंग गेलेली, किंवा दगडावर आपटून चेंबर आत गेल्याने जाळीचं तोंड दबलेलं. फक्त चढ-उतारावर दिवा लुकलुकतो, तर ऑइल कमी आहे, आधी ते भरा. लेव्हल वाढते आणि वास येतो, तर डिझेल. दुधाळ चहासारखं झालंय, तर पाणी, आणि तेव्हा इंजिन पुन्हा सुरूही करू नका. या सगळ्यातून काही निष्पन्न झालं नाही, तर मग चेंबर उतरवा, शेल बघा, पिस्टनला ऑइलची धार मारणारं एखादं नोझल गळून पडलंय का बघा, पंपाची फट मोजा. पूर्ण इंजिन उतरवणं सगळ्यात शेवटी.

आणि या सगळ्याच्याही आधी: लाल दिवा लागला की इंजिन बंद. "एवढी एक फेरी मारून घेतो" नाही. त्या एका फेरीत शेल क्रँकला चिकटून फिरतो, आणि मग ना गेज कामाचं ना फोरमन.

आता समोरच्या बाजूचं म्हणणंही ऐकू, नाहीतर हे भांडण एकतर्फी होईल. पहिला आक्षेप: जाड ऑइल कधीच बरोबर नसतं का? असतं की! उन्हाळी प्रदेशासाठी जाड ग्रेड चालेल असं अनेक इंजिनांच्या पुस्तकांतच तापमानाच्या तक्त्यात दिलेलं असतं. डेट्रॉइट डिझेलच्या जुन्या टू-स्ट्रोक ७१ आणि ९२ सीरीजच्या इंजिनांना तर कंपनीच सिंगल ग्रेड ४० सांगायची, आणि तिथे १५डब्ल्यू-४० घालणं हीच चूक. म्हणजे प्रश्न जाड-पातळचा नाहीच. ग्रेड इंजिनाकडे बघून ठरवली की काट्याकडे बघून, एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मशीन तीस वर्षांचं, मालकाकडे पैसे नाहीत, पावसाळ्याला दोन महिने राहिलेत. तेवढा सीझन काढायचाय. अशा वेळी जाड ऑइल टाकून दिवस ढकलले तर काय बिघडलं? मी म्हणतो, काही बिघडलं नाही. पण मोजून ढकला. गेज लावून आकडा घेतलाय, फिल्टर कापून बघितलाय, डिझेल-पाणी नाही याची खात्री आहे, बेरिंग झिजलंय हे माहीत आहे, दर आठवड्याला आकडा लिहितोय आणि अमुक आकड्याखाली गेलं की मशीन उभं करायचं हे ठरलंय. हा मालकाने समजून घेतलेला निर्णय आहे, आणि त्याला माझा सलाम. न मोजता तेच ऑइल ओतणं हा जुगार आहे. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. फरक फक्त त्या वहीत असतो.

आणि गेज काही फार मोठं तंत्रज्ञान नाही हो. वाकवलेली पितळी नळी दाबाने सरळ होऊ बघते आणि काटा फिरवते. युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पावणेदोनशे वर्षं जुनी वस्तू! तिला वीज लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, आमच्यासारखी माणसं लागत नाहीत. एका ऑइल चेंजच्या खर्चापुढे तिची किंमत किरकोळ.

आता आपल्याकडे वळतो, कारण तुम्ही लोक सुटणार नाही आहात. आपण शहरातली मंडळी जुगाडावर फार प्रेम करतो. कुणीतरी चपलेच्या पट्ट्याने फॅनबेल्ट बांधल्याचा व्हिडिओ आला की आपण "क्या बात है, देसी दिमाग!" म्हणून दहा जणांना पाठवतो. २०१२ साली तर "जुगाड इनोव्हेशन" नावाचं अख्खं इंग्रजी पुस्तकच आलं, आणि मग मॅनेजर मंडळींच्या स्लाइडवरही जुगाड झळकायला लागला. रस्त्यात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरता केलेला जुगाड मलाही आवडतो. पण प्रथमोपचाराला उपचार म्हणायला लागलो की पंचाईत. पट्टीखाली जखम चिघळते आणि पट्टी बांधणाऱ्याचं कौतुक चालू राहतं. आणि हे कौतुक करणाऱ्याचं त्यात काय जातं? तो डोझर आपल्या पोटाशी बांधलेला नसतो.

आपलं ऑफिसही काही वेगळं नाही. सर्व्हरची मेमरी भरते, अलर्ट येतो. लीक शोधायची की रॅम वाढवायची? रॅम! पुन्हा भरली, तर रोज रात्री रीस्टार्टचा जॉब. तरी अलर्ट येतोय, तर मर्यादा ऐंशी टक्क्यांवरून पंच्याण्णववर. पहिलं म्हणजे जाड ऑइल, दुसरं वारंवार ऑइल चेंज, आणि तिसरं दिव्याची वायर काढून टाकणं. शेवटी एका रात्री सगळं कोसळतं, तेव्हा शोध कुणाचा घेतला जातो? शेवटचा बदल ज्या पोराने केला त्याचा. तीन महिन्यांपूर्वी स्टँडअपला "अमुक आकडा उगाच वाढतोय" म्हणणारी टेस्टिंगची मुलगी कुणाला आठवते का? डिपस्टिक तिच्या हातात होती, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष डॅशबोर्डकडे होतं.

मला या सगळ्यात चीड येते ती पैशाच्या नुकसानीची नाही. न मोजण्याची किंमत नेहमी खालचा माणूस भरतो, याची येते. आकडा नसला की कारण नसतं, आणि कारण नसलं की माणूस शोधला जातो. जो मशीनच्या सगळ्यात जवळ असतो तो आयता सापडतो. त्या ऑपरेटरचा निम्मा पगार कुठल्या बेरिंगने खाल्ला नव्हता. तो खाल्ला होता कुणीच आकडा लिहून ठेवला नव्हता यानं.

तेव्हा तुमच्या काकांचं, मामांचं, सासऱ्यांचं, मित्राचं कुणाचंही जुनं मशीन असेल, तर पुढच्या वेळी गावी जाताना पेढ्यांच्या बॉक्सऐवजी एक मेकॅनिकल गेज आणि शंभर पानी वही घेऊन जा. (बरं, पेढेही न्या.) वहीत पाच रकाने आखा: तारीख, मशीनचे तास, ऑइलचं तापमान, आयडलचं प्रेशर, रेसचं प्रेशर. सहावा रकाना डिपस्टिकचा, आणि तो ऑपरेटरने भरायचा. त्यात तो "वाढलं" असं लिहील तेव्हा हसू नका.

आणि ज्यांना एवढंही करायचं नाही, त्यांनी खुशाल जाड ऑइल ओतावं. मशीन त्यांचं, पैसा त्यांचा. पण मग दिवा लागेल त्या दिवशी ऑपरेटरच्या पगाराला हात लावायचा नाही.

असो. सोमवारी भेटूच आपापल्या डॅशबोर्डसमोर.